एकच आग, एकच पाणी

मी एक जुनी छिन्नी आहे. निदान गेल्या महिन्यापर्यंत तरी होते. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, ही काय सुरुवात झाली? आपण कोण आहोत एवढं तरी हिला ठाऊक असावं! पण माझी अडचण समजून घ्या. सत्तावीस वर्षं माझ्या डोक्यावर हातोडा पडतो आहे. एवढ्यानं कुणाची अक्कल ठिकाणावर राहील? त्यात माझा एक कण माझ्यापासून तुटून फळीवरच्या काचेच्या बाटलीत जाऊन बसला आहे. तो मी की ही मी, असा प्रश्न पडला की माझं उरलंसुरलं डोकंही चालेनासं होतं. तेव्हा सांगताना मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीतला. त्याआधी मी मालमोटारीच्या चाकावरचा पोलादी पाटा होते, म्हणजे त्या पाट्याचा वीतभर तुकडा होते. लोहारानं मला लाल केलं, ठोकलं, एक टोक निमुळतं केलं, आणि मग आणखी काहीतरी केलं. ते 'आणखी काहीतरी' काय होतं, हे मी तेव्हा नीट लक्ष देऊन पाहिलं असतं तर पुढचा घोटाळा मला निदान समजला तरी असता. पण जन्माच्या वेळी कोण लक्ष देतं? तुम्ही दिलं होतं का?

तिथून मी तांबटाच्या कारखान्यात आले. कारखाना म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक लांबट खोली. डाव्या कोपऱ्यात भट्टी, तिच्या शेजारी पाण्याचा हौद, मधे ऐरण आणि भिंतीला टेकवून ठेवलेले तांब्याचे पत्रे. तांबट अंगानं भरलेले आणि बोलायला कमी. ते तांब्यावर हातोडा मारत आणि कान देऊन ऐकत. आवाज बदलला की लगेच थांबत. "रुसलं बघ," असं स्वतःशीच म्हणत. "ताव द्यायला हवा."

हा ताव म्हणजे काय ते सांगते, कारण सगळा घोळ तिथंच आहे. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून ताठर होतो. मग तो वाकायला तयार नसतो, जास्त ठोकलं तर कडेला तडकतो. अशा वेळी तांबट त्याला भट्टीत टाकत, लाल करत आणि हौदात बुडवत. चर्र असा आवाज होई, वाफेचा लोट उठे, आणि पत्रा बाहेर येई तो अगदी गरीब गाय होऊन. हातानं वाकवावा तसा वाकत असे. पुन्हा ठोकायचा, पुन्हा रुसला की पुन्हा ताव.

खरं सांगू? मला त्याचा हेवा वाटायचा. मार तो खातो तसा मीही खाते. त्याला दर थोड्या वेळानं विसावा, आणि मला? मी आपली तशीच खोक्यात. मला कुणी 'रुसलीस का गं?' म्हणून विचारलं नाही. मी वर्षानुवर्षं त्या भट्टीकडे बघत होते आणि मनात एकच घोकत होते, की आगीत जाऊन पाण्यात पडलं की माणूस मऊ होतं. म्हणजे वस्तू मऊ होते.

वर्षातून एकदा माझी धार गेली की मला फडक्यात गुंडाळून शेजारच्या गल्लीतल्या त्या लोहाराकडे पाठवत. दोन दिवसांनी मी परत येई, अगदी ताजीतवानी. लोहार काय करतो, हे तांबटांनी कधी विचारलं नाही, आणि माहेरी गेल्यावर मला अशी गाढ झोप लागे की मलाही ते कधी कळलं नाही. त्यांचं काम तांब्याचं, त्याचं लोखंडाचं. दोघंही आपापल्या भट्टीशी खूश होते. मग लोहार थकला, भट्टी बंद करून मुलाकडे राहायला गेला, आणि माझं माहेर तुटलं.

आता ठिणगीबद्दल सांगायला हवं. ठिणगी ही तांबटांची एकुलती एक मुलगी. खरं नाव काहीतरी वेगळं आहे, पण ते फक्त शाळेच्या दाखल्यावर. लहानपणी भट्टीसमोरून उठायचीच नाही, म्हणून हे नाव पडलं. तिची आई ती आठ वर्षांची असताना गेली. तेव्हापासून ती बापाच्या शेजारी बसून ठोकायला शिकली. आता चोवीस वर्षांची आहे. मनगट असं की बघत राहावं. हातोडा उचलते तेव्हा खांदा हलत नाही.

त्या कारखान्याची एक रीत आहे. ज्याला सपाट पत्र्यापासून काठापर्यंत अख्खं भांडं एकट्यानं जमतं, त्याला स्वतःचा ठसा मिळतो. भांड्याच्या बुडाशी तो ठसा उमटवायचा, म्हणजे ते कुणाच्या हातचं हे जगाला कळतं. ठसा मिळाला म्हणजे जागा मिळाली. ठिणगीनं आपला ठसा कागदावर काढूनही ठेवला होता, एका टिंबातून फुटणाऱ्या तीन रेघा. भांडी तर ती कधीचीच करत होती, पण तांबट काही ना काही खोट काढत. शेवटी ते म्हणाले होते, "रंगाऱ्याचं पातेलं कर. नवं बूड घाल, नव्या कड्या लाव. ते एकटीनं पार पाडलंस की ठसा तुझा."

रंगाऱ्याचं पातेलं म्हणजे कापड रंगवायचं भलंमोठं तांब्याचं भांडं, त्यात ठिणगी उभी राहील एवढं. त्याच्या जुन्या लोखंडी कड्या गंजल्या होत्या. त्या काढायच्या तर लोखंडी रिबिटांची डोकी छाटायला हवीत. म्हणजे काम माझंच.

तांबटांनी मला खोक्यातून काढलं, उजेडात धरलं. माझं डोकं मार खाऊन पसरलं होतं आणि कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. त्यांनी त्या भेगांवरून अंगठा फिरवला.

"मार खाऊन ताठरली बिचारी," ते म्हणाले. "तडकायला लागली. हिला ताव द्यायला हवा."

मित्रांनो, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! सत्तावीस वर्षांनी माझी कुणीतरी विचारपूस केली होती. भट्टीत मी अशी आरामात पडले, जशी सासुरवाशीण माहेरच्या अंथरुणावर पडते. लाल झाले. मग सांडशीनं उचलून त्यांनी मला हौदात बुडवलं. चर्र.

आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. अंग सैल होण्याऐवजी आवळलं. आतमधे कुणीतरी दार धाडकन लावून घेतल्यासारखं झालं. मी म्हटलं, असेल बाई, तांबटांच्या हातचा पहिलाच ताव आहे, सवय नाही. मऊपणा असाच लागत असेल सुरुवातीला.

तांबटांनी मला सहाणेवर धार लावली आणि ठिणगीच्या हातात दिली. "घे. लोण्यासारखी मऊ केली आहे. घाव तेवढा सरळ घाल."

तिनं मला पहिल्या रिबिटावर टेकवलं. घाव घातला. तो घाव सरळ होता. हे मी शपथेवर सांगते, कारण तो माझ्या टाळक्याच्या मधोमध बसला होता, आणि टाळक्यावर कुठं काय बसतं हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण माझ्या टोकाचा एक कपचा काचेसारखा टचकन उडाला. ठिणगीनं हातोडा टाकला आणि दोन्ही हातांनी डावा डोळा झाकला. बोटांच्या फटीतून पाणी यायला लागलं.

"बाबा," ती म्हणाली, "डोळ्यात काहीतरी गेलं."

पुढचं मी पाहिलं नाही, मी खाली पडले होते. नंतर बोलण्यातून कळलं, की डोळ्याच्या डॉक्टरांनी कण काढला. बुबुळावर रुतला होता, आत गेला नव्हता. केसभर आत गेला असता तर डोळा गेला असता. आठ दिवस पट्टी. डॉक्टरांनी तो कण एका छोट्या बाटलीत घालून दिला आणि सांगितलं, "हा जपून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी गॉगल घालायची आठवण राहील."

तांबट घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस रागावतो तसे ते रागावले. "तिरका घाव घातलास!" ते म्हणाले. "मऊ छिन्नी अशी तुटेल कशी? हात तयार नाही तुझा. उगीच घाई केली मी."

"सरळच घातला होता, बाबा."

"मग काय छिन्नीनं मुद्दाम केलं?"

मी ऐरणीखाली पडल्या पडल्या ओरडत होते, सरळ होता हो, सरळ होता! पण छिन्नीचं कोण ऐकतं? आणि खरं सांगायचं तर माझाही गोंधळ उडाला होता. मी मऊ झाले होते ना? आगीत गेले, पाण्यात पडले, आणखी काय करायचं असतं मऊ व्हायला? मग मी तुटले कशी? का घावच तिरका होता आणि मलाच कळलं नाही? मला स्वतःचीच खात्री वाटेना.

चार दिवसांनी मी ऐकलं, की ठिणगी आता कारखान्यात बसणार नाही. कापडाच्या दुकानात जागा आहे, पहिल्या तारखेपासून जाईन म्हणाली. "तिरकाच बसला असेल," असं ती तिच्या मावशीला सांगत होती. "माझ्या हातालाच वळण नाही गं. बाबा बरोबर सांगतात. आज माझा डोळा वाचला, उद्या दुसऱ्या कुणाचा जाईल." तिनं ठशाचा तो कागद चार घड्या करून भट्टीपाशी ठेवला होता, जाळायला की राहू द्यायला, हे तिचं ठरत नव्हतं. माझ्या जिवाला ते फार लागलं. सहा वर्षं ज्या मनगटानं मला धरलं, त्याच्यावर माझ्यापायी आळ आला होता.

ही मावशी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पिशवीत कायम काहीबाही घेऊन फिरते. तिनं ऐकून घेतलं, बाटलीतला कण उन्हात धरला, मग मला उचलून माझं तुटलेलं टोक डोळ्याजवळ नेलं. "साखरेच्या खड्यासारखं चमकतंय," ती पुटपुटली. तांबटांना तिनं विचारलं, "भावोजी, ही शेवटी कुणी तापवली?"

"मी. ताव दिला चांगला. मऊ केली."

"मऊ आहे म्हणता?"

"तांबं ठोकून केस पांढरे झाले, ताई. मला मऊ-कडक शिकवू नका."

"नाही शिकवत. जरा कानस लावून दाखवा."

तांबटांनी कानस घेतली आणि माझ्या अंगावर ओढली. कानस घसरली. एक कण निघाला नाही, नुसता कुईं असा आवाज आला. त्यांनी दाबून ओढली. पुन्हा घसरली. मग त्यांनी खोक्यातून नवी कानस काढली आणि तीही घसरली. आवाज ऐकूनच त्यांचा चेहरा उतरला, कारण त्यांचा कान पक्का. ते माझ्याकडे बघत स्टुलावर बसले.

"ही तर काच झाली," ते म्हणाले.

"तुम्हीच केलीत."

"पण तांब्याला तर मी असंच..." आणि ते मधेच थांबले. त्यांचा गोंधळ माझ्या गोंधळाहून तसूभरही कमी नव्हता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग मावशीनं पिशवीतून गोट्या काढल्या आणि एका ताटात दाटीवाटीनं मांडल्या, त्यांच्यावर आणखी एक थर. ठिणगी दारात येऊन उभी राहिली होती, एका डोळ्यावर पट्टी, पण मावशीनं तिच्याकडे पाहिलं नाही. "हे तांब्याचे अणू समजा," ती म्हणाली.

"यांना धरतं कोण एकमेकांशी? डिंक?" तांबटांनी विचारलं.

"प्रत्येक अणूनं आपले एकदोन इलेक्ट्रॉन सगळ्यांच्यात टाकलेत. ते कुणा एकाचे नाहीत, सगळ्यांचे. त्यांनीच सगळे बांधलेत."

"आपल्या खोक्यातल्या हत्यारांसारखं."

"हो, तसंच. म्हणून एक थर सरकला तरी बंध तुटत नाही, शेजारी बदलतो इतकंच." तिनं वरचा थर बोटानं ढकलला, तो एक घर पुढं सरकून बसला. "म्हणून तांबं ठोकलं की पसरतं. आता हे बघा." तिनं जाड्या मिठाचा खडा ऐरणीवर ठेवला आणि हातोडी मारली. भुगा झाला. "मिठात एक कण धन भाराचा, एक ऋण भाराचा, असे ओळीनं बसलेत. एक घर सरकलं की धनासमोर धन येतो. मग ते एकमेकांना ढकलून देतात. म्हणून मीठ वाकत नाही, फुटतं."

"मग ठोकून तांबं रुसतं ते?"

"थर सरकून सरकून गुंता होतो. ताव दिला की अणू हलतात, पुन्हा ओळीत बसतात. पाण्याचा तिथं काही संबंध नाही. पाण्यात न बुडवता गार केलंत तरी तांबं मऊच."

तांबटांनी हौदाकडे पाहिलं. चाळीस वर्षांचा तो चर्र आवाज उगीचच होता, हे पचायला त्यांना जरा वेळ लागला.

मग मावशीनं दुसऱ्या ताटात गोट्या मांडल्या आणि वरून मूठभर मोहरी टाकली. "हे पोलाद. गोट्या लोखंडाच्या, मोहरी म्हणजे कार्बन. लाल केलं की मोहरी गोट्यांच्या मधे शिरते. सावकाश गार केलं तर तिला बाहेर पडायला सवड मिळते. पण एकदम पाण्यात बुडवलं तर ती आतच अडकते." तिनं थर ढकलला. तो हलला नाही. आणखी जोर लावला, तसं ताट उलटलं आणि गोट्या खोलीभर पळाल्या. "बघा. सरकता येत नाही, म्हणून कडक. आणि सरकता येत नाही, म्हणूनच तुटतं. लोहार पाणी दिल्यावर पुन्हा हळूच ऊब देत असेल, मोहरीला थोडी सैल व्हायला. तेवढंच तुमचं राहिलं."

तेच ते 'आणखी काहीतरी'! मला माझ्या जन्माची पुसट आठवण झाली. पण बाकीचं सगळं डोक्यावरून गेलं. माझ्यात इलेक्ट्रॉन आहेत, पण ते कुणाचे नाहीत. आग तीच, पाणी तेच, आणि तांबं मऊ होतं, मी काच होते. मीही धातू, तोही धातू. कुणी समजावून सांगेल का मला? मावशीनं सांगितलं ते खरंच आहे, पण ऐकणं वेगळं आणि पटणं वेगळं.

तांबट गुडघ्यावर बसून गोट्या गोळा करत होते. सगळ्या गोळा झाल्या तरी उठेनात. मग खालीच बघत म्हणाले, "ठिणगे, घाव सरळ होता."

ती दारातून आत आली.

"मीच काच दिली तुझ्या हातात. आणि वर तुलाच बोललो. माझं चुकलं, पोरी."

सत्तावीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून हे शब्द ऐकले नव्हते. ठिणगीच्या उघड्या डोळ्यातून घळकन पाणी आलं. "बाबा, उठा आधी," ती म्हणाली. "गुडघे दुखतील."

डोळ्याला बरं वाटल्यावर, पण पट्टी अजून होती तेव्हाच, माझी दुरुस्ती काढली. आधी डोक्याचा पसरलेला भाग घासून टाकला आणि तुटलेल्या टोकाला नवी धार काढली. मग माझं अंग चकचकीत घासून डोक्याकडून हळूहळू तापवायचं. पोलाद तापताना अंगावर रंग चढतात, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. जांभळा धारेपाशी पोचला की थांबायचं. मावशीनं हे पुस्तकात वाचलं होतं, भट्टीवर कधी केलं नव्हतं. पहिल्या खेपेला "आला वाटतं, नाही, थांबा, हो हो!" म्हणेपर्यंत निळा येऊन गेला आणि मी पार मऊ पडले. पुन्हा लाल, पुन्हा पाणी, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला तांबट म्हणाले, "मला फक्त लाल ओळखता येतो, ताई. हे बारीक रंग माझ्या नजरेला दिसत नाहीत." मग त्यांनी ठिणगीला बोलावलं. दार अर्धं ओढून अंधार केला. सांडशी त्यांच्या हातात, नजर तिच्या एका डोळ्याची.

"पिवळा," ती म्हणाली. "तपकिरी... अजून नाही... अजून नाही... आता!"

चर्र. या वेळी आतलं दार धाडकन लागलं नाही. किलकिलं राहिलं. मी मऊही नव्हते आणि काचही नव्हते. मग मी काय होते? मला अजून कळलेलं नाही.

पट्टी निघाली, तेव्हा तिघांनी गॉगल घातले. मावशीनं ते आणलेच होते. तांबट पातेल्यापाशी बसले आणि मला रिबिटावर त्यांनी स्वतःच्या हातानं धरलं, चेहरा अगदी जवळ. हातोडा त्यांनी ठिणगीच्या पुढं केला.

"बाबा, मी धरते, तुम्ही मारा. नेम चुकला तर?"

"तुझा नाही चुकायचा. मार."

तिनं हातोडा घेतला. मग खांदा न हलता हातोडा उठला आणि माझ्या टाळक्याच्या मधोमध बसला. रिबिटाचं डोकं टुणकन खाली पडलं. मी शाबूत होते. तांबटांनी माझ्या धारेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पुढचं घे."

त्या पातेल्याच्या बुडाशी आता एका टिंबातून फुटणाऱ्या तीन रेघा आहेत. कापडाच्या दुकानातली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

मित्रांनो, माझा गोंधळ काही पूर्ण मिटलेला नाही. पण एवढं मला उमगलं आहे, की एकाला मऊ करणारी आग दुसऱ्याला काच करते, आणि ते बाहेरून दिसत नाही. म्हणून काही तुटलं तर लगेच हाताला दोष देऊ नका. त्या वस्तूला कुणी कसं तापवलं, कसं गार केलं, हे आधी विचारा. कानस लावून बघा. आणि चूक आपलीच निघाली तर ती मोठ्यानं सांगा, समोरचं माणूस कापडाच्या दुकानात निघून जायच्या आत.

माझा तो कण अजून फळीवरच्या बाटलीत आहे. मी रोज त्याच्याकडे बघते. तो मीच आहे, पण त्या दिवशीची मी, घाईनं पाण्यात बुडवलेली. मला नंतर ऊब मिळाली, त्याला मिळाली नाही. तो अजून तसाच कडक आहे.